पोरग्याची तबकडी

"पोरगा आणलास का?" वेंडेलने तळघराच्या पायऱ्यांवरूनच विचारलं.

होबार्टने काखेतलं पुठ्ठ्याचं पाकीट वर करून दाखवलं. "दर महिन्याला आणतो. आजच विचारायला काय झालं?"

"हा पोरगा आपल्या तिघांना पोचवूनच जाणार," सोफ्यावरून आर्ली म्हणाला. त्याच्या हातात सँडविच होतं, दुसरं मांडीवर होतं.

पोरगा म्हणजे एक जुनी तबकडी. काळी, जड, हातातून निसटली तर काचेसारखी फुटणारी. मधल्या कागदावरचं गायकाचं नाव केव्हाच घासून गेलं होतं. आवाज अठरा-एकोणीस वर्षांचा, चढा, किंचित धाप लागलेला. म्हणून तिघांनी त्याचं नाव पोरगा ठेवलं होतं. महिन्यातल्या एका रविवारी चर्च सुटलं की ते वेंडेलच्या तळघरात जमायचे, प्रत्येकजण आपली एक तबकडी घेऊन. नियम दोनच. तबकडी फिरत असताना कुणी बोलायचं नाही, आणि सुई उचलली की पहिला शब्द ज्याने आणली त्याचा. हा दुसरा नियम आर्लीच्या जिवावर यायचा.

होबार्टने या दोघांना एक गोष्ट कधीच सांगितली नव्हती. त्याचा धाकटा भाऊ डेल्मर हुबेहूब असा गायचा, सकाळी स्वयंपाकघरात बूट चढवता चढवता. एकोणिसाव्या वर्षी तो कोरियाच्या लढाईवर गेला आणि तिकडेच मारला गेला. घरी त्याचे फोटो होते, तीन पत्रं होती. आवाज कुठेच नव्हता. मग ब्लूफील्डच्या एका जुन्या बाजारात दुकानदाराने सहज ही तबकडी लावली, आणि गाणं संपायच्या आत होबार्टने पैसे काढले. त्याला आता एकवीस वर्षं झाली होती.

"बस, तुला एक गंमत ऐकवतो," वेंडेल म्हणाला. टेलिफोन कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्याचे हात नुसते शिवशिवत असत. त्याने नव्या प्लेअरवरच्या एका बटणावर बोट ठेवलं. "याने वेग कमीजास्त होतो. आता ऐक. पोरग्याच्या गाण्यात मागे पियानो आहे ना? त्याची एक पट्टी पत्र्यासारखी वाजते."

"वाजते."

"त्याच कंपनीच्या, त्याच हॉलमध्ये भरलेल्या तीन तबकड्या माझ्याकडे आहेत. पियानो तोच, बिघडलेली पट्टी तीच. पण तिथे ती पांढरी एकमध्ये वाजते आणि पोरग्याच्या तबकडीत पांढरी दोनमध्ये. अख्खा एक स्वर वर. आता पियानो काही उत्साहाच्या भरात चढत नाही."

"म्हणजे?" आर्लीने विचारलं.

"म्हणजे हे गाणं भरलं त्या दिवशी यंत्र हळू फिरत होतं. मिनिटाला सत्तर फेरे. आणि आपण इतकी वर्षं ही तबकडी अठ्ठ्याहत्तरवर पळवतोय. गेल्या खेपेला स्वर टिपून ठेवला आणि तीन आठवडे खपलोय मी यावर, होबार्ट. तुझा लाडका म्हणून."

त्याने तबकडी चढवली, बटण फिरवलं आणि सुई ठेवली.

आवाज उतरला. तो छातीतून येऊ लागला. धाप गेली. गाणारा चाळिशी ओलांडलेला होता, जाड मानेचा, दोन-तीन मुलांचा बाप असावा असा. तो चांगला गात होता. आधीपेक्षा चांगला.

सुई उचलली गेली. पहिला शब्द होबार्टचा होता. आतून काहीतरी वर येईल म्हणून तो थांबला. काही आलं नाही. दात काढून आल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं त्याला छातीत वाटत होतं.

"चांगलं काम केलंस, वेंडेल," तो म्हणाला.

"बोंबला!" आर्ली मांडीवर थाप मारून ओरडला. "इतकी वर्षं आपण एका आजोबाला पोरगा म्हणतोय!"

वेंडेल हसला. होबार्टही हसला. त्याने आपलं सँडविच शेवटच्या घासापर्यंत खाल्लं, बर्फ घातलेला गोड चहा संपवला आणि बोटं रुमालाला पुसली. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं.

"पहिल्यासारखी लाव एकदा," तो म्हणाला.

"अरे, चूक आहे ती. आता माहीत झाल्यावर कशाला?"

"लाव ना."

वेंडेलने आर्लीकडे पाहिलं. आर्लीने खांदे उडवले. बटण पुन्हा अठ्ठ्याहत्तरवर गेलं.

आवाज चढला. होबार्टने डोळे मिटले. ते स्वयंपाकघर आलं, खिडकी आली, बूट आले. बूट घालणारा आला नाही. त्याने डोळे आणखी घट्ट मिटले. तीन मिनिटांचं गाणं, त्यातलं शेवटचं कडवं सुरू झालं, संपलं, नुसती खरखर उरली.

वेंडेलने सुई उचलली. दोघांनी होबार्टकडे पाहिलं. पहिला शब्द त्याचा होता.

"म्हातारा आहे," होबार्ट म्हणाला. "उगाच घाई करतोय."