ट्रॅक्टरवाला हिरो

"थांब. दोन पानं एकदम उलटलीस तू," मनकर्णाबाई म्हणाल्या.

समोर बसलेल्या धनश्रीने जीभ चावली. सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ती त्यांना रोज दुपारी कादंबरी वाचून दाखवत होती. चष्मा मिळायला दीड महिना होता आणि तोवर अक्षराला डोळा लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण पुस्तकाशिवाय मनकर्णाबाईंची दुपार सरत नसे. पुस्तकही एकाच प्रकारचं. चावट, हसवणारं आणि शेवटी दोघांना एकत्र आणणारं. नवी नवरी होऊन या गावात आल्या तेव्हापासूनचा हा नाद. मालक बाजारच्या दिवशी संगमनेरच्या स्टँडवरून जुनं पुस्तक विकत आणायचे आणि पिशवीच्या तळाशी घालायचे. वरून मेथीची जुडी. सासू मेथी निवडायला पिशवी ओढायची आणि मनकर्णाबाईंचा जीव टांगणीला लागायचा. चाळीस वर्षांत ट्रंकेतली सगळी पुस्तकं पाठ झाली होती. म्हणून धनश्रीने लाजून गाळलेलं पान त्यांना लगेच कळायचं.

"पदर ढळल्याचं पान कुठं गेलं? वाच की. मी काय गावभर सांगत सुटणार न्हाई."

शेवटी धनश्रीने तालुक्याच्या वाचनालयातून एक नवं पुस्तक आणलं. सासूबाईंनी न वाचलेलं.

या पुस्तकाने मात्र सगळ्यांवर कडी केली. त्यातला हिरो ट्रॅक्टरवर उसाची वाहतूक करायचा. नाव गोरक्ष.

"गोरक्ष?" मनकर्णाबाई हसल्या. "आमच्या वेळचे समदे हिरो राजीव, न्हाईतर अविनाश. बंगल्याच्या खाली उतरत नव्हते मेले."

गोरक्ष नायिकेला ट्रॅक्टर शिकवतो, ते प्रकरण त्यांनी तीनदा ऐकलं. तो मागे मडगार्डवर बसलेला. त्याचा श्वास तिच्या मानेवर. तो म्हणतो गिअर टाक, आणि ती गिअर समजून त्याचं मनगट धरते. ती सोडत नाही, तोही सांगत नाही. ट्रॅक्टर निवांत बांध ओलांडतो आणि कुणाच्या तरी मक्यात शिरतो. मनकर्णाबाई हसून हसून आडव्या झाल्या. पुढे विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतलं प्रकरण आलं. बाहेर उभा राहिलेला म्हातारा वीज गेली म्हणून वीजवाल्यांना शिव्या देतोय, आणि आत वीज असल्या-नसल्याचं कुणाला भान नाही. ते वाचताना धनश्रीचा आवाज इतका खाली गेला, की सासूबाईंना पुढे सरकून बसावं लागलं. या पुस्तकातलं एकही पान ती गाळत नव्हती.

मनकर्णाबाईंचा मुलगा समर्थ संध्याकाळी डेअरीवरून यायचा, मोबाईल बघत जेवायचा आणि झोपायचा. आईला दोन वाक्यं, बायकोला एक. पण दुपार दोघींची होती.

शेवटचं प्रकरण राहिलं आणि चष्मा आला.

सकाळी धनश्री गोठ्यात होती. मनकर्णाबाईंना राहवलं नाही. त्यांनी फळीवरचं पुस्तक काढलं आणि शेवटची पानं उघडली. एक डॉक्टर, एक नर्स, महाबळेश्वर. त्यांनी मागे जाऊन पाहिलं. मधे उघडलं. पहिलं पान वाचलं. कुठेही ट्रॅक्टर नव्हता. मोटारीची खोली नव्हती. गोरक्षचं नावही नव्हतं.

आधी त्यांना राग आला. मग त्या एकट्याच हसल्या. पोरगी मनाने रचत होती! सहा वर्षं आपल्या घरात आहे, भाकरी थापते, धारा काढते, आणि अंगात एवढी कला! समर्थला सांगून आजच डझनभर वह्या आणायच्या, असं त्यांनी ठरवलं. पण आधी शेवट ऐकायचा. तो ऐकल्याशिवाय पोरीला काही बोलायचं नाही. त्यांनी पुस्तक होतं तसं ठेवलं.

दुपारी धनश्री म्हणाली, "आता चष्मा आलाय, आई. शेवट तुमचा तुम्हीच वाचा."

"डोळ्यातून पाणी येतंय अजून. तूच वाच."

धनश्रीने पदराला हात पुसले. मग तिने पुस्तक उघडलं. वाचताना ती कशी दिसते, हे मनकर्णाबाईंना आज पहिल्यांदाच दिसत होतं. तिची नजर पुस्तकावर नव्हतीच. ती दारातून बाहेर बघत होती. मधूनच नुसतं बोट पान उलटत होतं.

"एका रविवारी संगमनेरकडची एक बाई मुलासाठी पोरीला बघायला येते. पोरगी तिला फार आवडते. असली पोर हातची जायला नको, म्हणते. त्याच बैठकीत सुपारी फोडायला लावते. पोरीला कुणी काही विचारत नाही."

"बया! अन् गोरक्ष?"

"तो उसाची खेप घेऊन कारखान्यावर गेलेला असतो. तिथल्या रांगेत दोन दिवस नंबर लागत नाही. परत येतो तोवर पत्रिका छापायला गेलेल्या असतात."

"मांडवात तरी येतो ना?"

"नाही येत."

मनकर्णाबाईंना भानच राहिलं नाही. "मग आण की त्याला! माझ्या पुस्तकाचा शेवट कधी असा झाला न्हाई. तुझ्याच तर हातात हाय समदं!"

धनश्रीचं बोट पानावर थांबलं. तिने सासूबाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते डोळे स्वच्छ, कौतुकाने भरलेले आणि थेट तिच्यावर लागलेले होते. तिने पुस्तक मिटलं.

"बरं, न्हाई तर न्हाई," मनकर्णाबाई तिला चुचकारत म्हणाल्या. "पुढं सांग. त्या पोरीचं काय होतं?"

"काही नाही," धनश्री म्हणाली. "नांदते. दुपारी सासूला पुस्तकं वाचून दाखवते."