चाड्यावरचा हात

“लढाई झाली तिकडं सातासमुद्रापल्याड, आन तू ती हितं तिसगावच्या बांधावर हुडकाया आलीस व्हय गं?”

आक्काबाई तोंडाला पदर लावून हसली. पण तिचं ध्यान हसण्यात नव्हतंच, पाऊलवाटेकडं होतं. बनुबाईचा अजून पत्ता नव्हता.

सुमेधा पुण्याहून आलेली. दुसऱ्या महायुद्धानं खेड्यातल्या संसारांचं काय केलं, यावर ती विद्यापीठात प्रबंध लिहीत होती. चावडीवर पुरुषांनी तिला बिल्ले दाखवले, पलटणींची नावं सांगितली. बायकांचं विचारलं, तर जो तो आढ्याकडं बघायला लागला. म्हणून सुमेधा थेट शेतात येऊन बाभळीखाली बसली होती.

“तुम्ही काय करत होता तेव्हा, आजी?”

“मी? काय बी न्हाई. मालक पलटनीत, सासरा अंथरुनावर. नांगरट करायची, पेरायचं, खळं करायचं. काम असं काय न्हवतंच.”

सुमेधा ‘काही नाही’ लिहायला निघाली होती. ती थांबली आणि सगळंच लिहून घेतलं.

“वयनी, वाफसा चाललाय, वल उडतीया!” पाभर जुंपून उभा असलेला दीर गहिनीनाथ ओरडला. “अन् दुसरा बैल सावडीचा, पाळीनं आल्याला हाय. आज न्हाई पेरलं तर उद्या तो जातोय तिसऱ्याच्या वावरात!”

खरंच होतं ते. गेलं साल दुष्काळानं खाल्लं. कुणाच्या रानात काडी उगवली नाही, सगळं गाव खडी फोडायला गेलं. यंदा हस्तानं कृपा केली, तर पेरणीला सवाशीण मिळेना. पाभरीच्या चाड्यात बी सोडणारा हात सवाशिणीचाच पाहिजे, हा त्या घरचा दंडक. गहिनीनाथाची बायको नेमकी आजच बाहेरची होऊन बसलेली. राहिली शेजारची बनुबाई, ती स्वतःच्या पेरणीत अडकलेली.

आणि पुष्पावती? आक्काबाईची सून ती. तिचा नवरा कानिफ एकाहत्तरच्या लढाईत गेला आणि तिचं कपाळ पांढरं झालं. हे बी पाखडलं तिनं, निवडलं तिनं, डोक्यावर वाहून आणलं तिनं. फक्त सोडायचं नाही. आत्ताही ती पोत्याजवळ खाली मान घालून उभी होती. दुष्काळानंतरची पहिली पेरणी, हिचा हात लागला आणि पिकलं नाही तर, या भीतीनं आक्काबाई तिच्याकडं बघतसुद्धा नव्हती.

“आजी, एक विचारू?” सुमेधा म्हणाली. “लढाईच्या वेळी सवाशीण कोण, हे कसं ठरवायचं? पत्रं तर महिनोन्‌महिने येत नव्हती.”

“त्यात काय ठरवायचं? तार येत न्हाई तवर समद्या सवाशिनीच की.”

“तुम्हाला कधी आली?”

“दिवाळीत. पनत्या लावीत हुते.”

“आणि ते गेले कधी?”

“श्रावनात. तसं लिवलं हुतं म्हनं तारंत.”

“मग त्या साली पेरणी कुणी केली?”

“मीच. हस्तावर. कानिफ पोटात हुता, तरी...”

आक्काबाईनं बोटांवर मोजलं. श्रावण, हस्त, दिवाळी. इतकी वर्षं ती हे तिन्ही वेगवेगळे आठवत आली होती. श्रावण आठवून रडायची, दिवाळी आली की पणतीला हात लावायची नाही. पेरणी मधे होती, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

“म्हंजी रंडक्या हातानं पेरलं म्या,” ती पुटपुटली.

सुमेधानं लिहिणं थांबवलं. “पिकलं का हो त्या वर्षी?”

आक्काबाई उठली, लुगडं झाडलं आणि तरातरा पोत्याकडं गेली.

“पुष्पे, पदर धर.”

पुष्पावतीला वाटलं, आपलं काही चुकलं. तिनं भीत भीत पदर पसरला. आक्काबाईनं ओंजळीनं बी त्यात घातलं. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. कानिफ गेल्यापासून त्या पदरात कुणी काही घातलं नव्हतं.

“आत्याबाई, माज्या हातानं वंगाळ झालं तर?”

“तर माज्या हातानं झालं म्हन. खोच पदर.”

“वयनी!” गहिनीनाथ कासरा धरून तसाच उभा. “अवं गाव काय म्हनंल?”

“त्या साली जवारी कनगीत मावंना झाली हुती, भावजी. गावानं उसनी नेली, तवा कुनी हात इचारला न्हाई. आन तुमी? त्याच भाकरीवर एवढं वाढलात. मेलात का? हाना बैल!”

गहिनीनाथानं एकदा वहिनीकडं पाहिलं, एकदा आभाळाकडं आणि बैल हाकलले. पुष्पावतीची मूठ चाड्यावर आली. पहिल्या तासाला, पाभरीच्या पहिल्या ओळीला, बी कुठं दाट, कुठं विरळ पडलं. दुसऱ्या तासाला बी सरळ पडायला लागलं.

तेवढ्यात बनुबाई धापा टाकत बांधावर आली आणि पाभरीमागं कोण आहे ते बघून तिथंच थबकली.

“बस, पानी पी,” आक्काबाई म्हणाली. “मूठ धरलीया आमी.”

सुमेधानं हळूच विचारलं, “आजी, हे लिहू का मी?”

“आत्ता नगं,” पाभरीवरची नजर न काढता आक्काबाई म्हणाली. “आठ दिसांनी पुन्यांदा ये. उगवल्यालं बघ, आन मंग लिव.”