लग्नाचे बूट

थॉमसचा पाय बुटात जाईना.

पांढऱ्या झग्याचा घेर मागे सारून डायना वडिलांच्या पायांशी बसली होती. चमच्याचा दांडा टाचेमागे घालून ती बूट वर ओढत होती. गेल्याच महिन्यात हेच बूट घालून त्याने दुकानात ऐटीत फेऱ्या मारल्या होत्या. बाहेर मांडवात बँडवाले खोळंबले होते. भुईगावच्या चर्चची घंटा आता कधीही झाली असती.

"काल डुकराच्या मटणाच्या सोरपोतेलाचा टोप यानेच रिकामा केलेला दिसतोय," सिप्रियनकाका दारातून म्हणाला. "पाय कसले, पावाची लादी झालीय!"

सगळे हसले. थॉमसही हसला, आणि हसता हसता त्याला धाप लागली.

डायनाने मोजा खाली सरकवला. मोज्याचा काठ मांसात रुतला होता. ती फार्मसी शिकलेली होती. नडगीवर अंगठा दाबून धरून तिने उचलला.

खड्डा पडला. भरलाच नाही.

"मम्मी, पप्पांना कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"शुगरच्याच," व्हेरोनिका म्हणाली. "मागे डॉक्टरांनी एक नवीन वाढवली ना, तीच."

"आणखी?"

थॉमसने सुटाच्या आतल्या खिशातून कॅप्सूलची अर्धी पट्टी काढली. "तळवे पेटतात गं रात्री. मिरची चोळल्यासारखे. नायगावच्या डॉक्टरने दिल्यात. आज दोन घेतल्या. चर्चमध्ये मिसाला उभं राहायचंय, तुझ्याबरोबर नाचायचंय."

डायनाने पट्टीवरचं नाव वाचलं. शुगरची ती नवी गोळी अंगात पाणी धरते. ही कॅप्सूलही धरते. दोन्ही एकत्र आल्या की ते पाणी हृदयावर येऊ शकतं. कॉलेजात हा प्रश्न तिने पूर्ण मार्कांनी सोडवला होता. आणि आठवडाभर ती याच घरात मेंदी, फुलं, गाऊन करत फिरत होती.

"शुगरच्या डॉक्टरांना सांगितलंत?"

"दुसऱ्याकडे गेलो म्हटलं तर त्यांना वाईट नाही वाटणार? वीस वर्षं बघतायत मला."

"आणि नायगावच्यांना?"

"त्यांनी पायाचं विचारलं. मी पायाचं सांगितलं."

"रात्री आडवं झाल्यावर दम लागतो?"

उत्तर व्हेरोनिकाने दिलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "खुर्चीत बसून झोपतात हे. मला वाटलं, लेक चाललीय म्हणून..."

कुणी हसलं नाही.

"लेस्टर, गाडी काढ," डायना भावाला म्हणाली. "काका, तुम्ही चर्चला जा. एरॉलला, त्याच्या वऱ्हाडाला आणि फादरना सांगा, आम्ही हॉस्पिटलला जाऊन येतो."

"डायना, वेड लागलंय का? घंटा होईल!" काका ओरडला.

"होऊ दे."

लेस्टरने अनवाणी थॉमसला धरून गाडीत बसवलं. शेजारी झगा गोळा करून डायना बसली. बापलेक निघालेले दिसताच बँडमास्तरने हात उचलला, आणि सगळी वाडी दुमदुमली. बायका हात हलवू लागल्या.

"बूट घेतलेस ना?" थॉमसने धापा टाकत विचारलं.

बूट तिच्या मांडीवर होते. ती बघत होती त्याच्या नडगीकडे. अंगठ्याचा ठसा अजून तिथेच होता.