नजरेला नजर

"बाबा, दिसली का?"

बाबांच्या डोक्याला डोळे झाकणारा हेडसेट आवळलेला, हात दोन्ही बाजूंना अवघडलेले. प्रयोगशाळेच्या ज्या बाजूला ते बघत होते, तिथे इतरांच्या लेखी काही नव्हतं. त्यांच्यापुरती मात्र आई शिलाई मशीनवर बसली होती. दोन वर्षांपूर्वी गेलेली आई, घरच्या जुन्या व्हिडिओंवरून आठ महिने राबून लेकीने संगणकावर उभी केलेली. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या बाबांना केसाएवढी चूकही खपत नाही, हे लेक जाणून होती.

"कानामागची बटसुद्धा बरोबर घेतलीस," बाबा म्हणाले. मग पुढे सरकून वाकले. "पण जवळ गेलं की धूसर होतेय गं."

"भिंगांचा फोकस दोन हातांवर पक्का असतो, बाबा. समोरचं जवळ आलं तरी तो हलत नाही. हेडसेट बनवणारे सगळेच त्यापायी डोकं फोडताहेत."

बाबा दोन पावलं मागे आले.

"आणि ही माझ्याकडे बघतेय."

"ते मुद्दाम केलंय. नजरेला नजर मिळाली नाही, तर माणूस निर्जीव वाटतं."

"तुझी आई मशीनवर बसली की मान वर करायची नाही. दुकानातून आलो की मी दारात उभा राहायचो. 'आलात?' म्हणायची, तेही सुईकडे बघत. पस्तीस वर्षं."

लेकीचा चेहरा पडला. व्हिडिओत आई काम थांबवून वर बघायची, हसायची, हे खरं होतं. पण कॅमेरा प्रत्येक वेळी लेकीच्याच हातात असायचा. ते बघणं लेकीसाठी होतं. इतकी साधी गोष्ट आपल्या ध्यानात येऊ नये, याची तिला लाज वाटली.

"एका ओळीचा बदल आहे," ती कीबोर्डकडे वळत म्हणाली. "मान खाली घालते तिची. मग अगदी खरी वाटेल."

बाबांनी चाचपडत तिचं मनगट पकडलं.

"राहू दे. बघू दे तिला माझ्याकडे अजून थोडं."

आणि मोकळ्या हाताने त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली.