दाराखालचा उजेड

दिवेलागण होऊन गेली, तरी गावच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीत नुसती बॅटरी चालू होती. आत माझी बायको कळांनी विव्हळत होती आणि बाहेर बाकावर मी सासूबाईंशेजारी बसलो होतो.

"एवढा मोठा दिवा टांगलाय, तो लावत का नाहीत?" मी सासूबाईंना विचारलं.

"इथं वीज जनरेटरवरची, तुमच्या शहराच्या तिप्पट महाग, जावईबापू. दवाखान्याला कुठली परवडायला? साधं बाळंतपण सिस्टर बॅटरीवरच उरकतात. हिच्या जन्माच्या वेळीसुद्धा बॅटरीच होती."

शहरात आमच्या जिन्यातला दिवा भरदुपारीही जळत असतो, ते आठवलं. दाराखालच्या काळोखाकडे बघत जीव मुठीत धरून बसलो.

एकाएकी दाराखालून लख्ख उजेड बाहेर आला. माझ्या जिवात जीव आला.

"लावला एकदाचा," मी म्हणालो.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार पडला होता.



"हा दिवा लागलेला मी एकदाच पाहिलाय. सुतारांची सून गेली, तेव्हा."