मोठ्यांचं पान

मितेशने मोबाइल पुढे केला आणि दीपकच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

पडद्यावर जुन्या वहीच्या पानाचा फोटो होता. धाकू, धाकूचा तानू, तानूचा राघो, राघोचा भिवा. तासाभरापूर्वी सर्वपित्रीची पानं ठेवताना दीपकच्या आईने, सोनूबाईने, हीच नावं याच क्रमाने घेतली होती. आणि हा मितेश गोताड तर ठाण्याहून आज पहिल्यांदाच गावात आला होता.

"भिवा माझे पणजोबा," मितेश म्हणाला. "एकोणीसशे अठराच्या मानमोडीच्या साथीत, माणसं तापाने पटापट मरत होती तेव्हा, बायको-मुलाला घेऊन मुंबईला गेले. वहीत या वाडीचं नाव आहे, म्हणून विचारत आलो."

दीपक धनावडे तसा अगत्याचा माणूस. पण चाळीस हापूसची कलमं आणि दीड एकर भातजमीन ज्याच्या नावावर आहे, त्याला अचानक उगवलेल्या भाऊबंदाचं प्रेम जरा बेतानेच येतं. इकडचा सातबारा म्हणजे लग्नातली आहेराची यादी, नावं वाढतात, कमी होत नाहीत. दीपकचा तेवढा एकट्याच्या नावावर होता. त्याच जमिनीच्या भरवशावर त्याचा मुलगा रितेश मुंबईची नोकरी सोडून दिवाळीत कायमचा घरी येणार होता. त्यात वाटेकरी आला तर पोराने यायचं कशावर?

दोघे पायरीवर बसले आणि हिशेब मांडू लागले. दीपकच्या आजोबांचं नाव महिपत. भिवाचा मुलगा महिपत, असं दीपक धरून चालला होता. पण मितेशच्या वहीत स्वच्छ लिहिलं होतं, भिवाला एकच मुलगा, सखाराम. तो मितेशचा आजोबा.

"मग महिपत कुठून आला?" मितेशने विचारलं.

दीपकने काटकीने अंगणात रेघा ओढल्या, पुसल्या, पुन्हा ओढल्या. आडनावंही जुळत नव्हती. मितेश चाचरत म्हणाला, दोन बायका असतील कदाचित. दीपकला ते अजिबात आवडलं नाही. महिपत भिवाचा मुलगा असेल, तर हा समोरचा माणूस वाटेकरी. नसेल, तर आपण कोण? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शेवटी त्याने आईला हाक मारली. ऐंशी उलटलेली सोनूबाई चुलीपुढून उठून दारात आली. तिने मितेशला बापाचं नाव विचारलं, आजाचं विचारलं, मग बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. दीपकने महिपतचं विचारलं, तर म्हणाली, आधी त्यांना जेवू दे.

तलाठ्यालासुद्धा अरेतुरे करणारी आई मुलाच्या वयाच्या या माणसाला 'तुमी' म्हणत होती. तिने त्याला पाय धुवायला पाणी दिलं, पाटावर बसवलं, वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं दीपकच्या आधी त्याला वाढलं. मग समोर बसून चौकशा सुरू केल्या. घरात माणसं किती, पोरं किती, भाताच्या लावणीची कुणाला माहिती आहे का. मितेश हसून म्हणाला, माणसं चार, मुलीला झाडांची हौस आहे, पण लावणी कुणीच पाहिलेली नाही.

"शिकता येतं," सोनूबाई म्हणाली.

जेवता जेवता मितेशला दारातून शेताच्या बांधावरचं पान दिसलं. अंगणात एक पान असताना शेतात दुसरं कशाला, असं त्याने विचारलं. दीपकने सांगितलं की बांधावरचं ते मोठ्यांचं, धाकूपासून भिवापर्यंतचं. अंगणातलं महिपतचं आणि दीपकच्या वडिलांचं. जुन्यांचा मान वेगळा ठेवायची घरातली रीत होती, आणि दीपकने ती कधी मोडली नव्हती.

हात धुतल्यावर आई आत गेली. दीपकला आता राहवेना.

"राग मानू नका, स्पष्टच विचारतो. जमिनीत हिस्सा मागायला आलाय का?"

मितेशचा चेहरा पडला. "नाही हो. वडील गेले तेव्हा लोक विचारायचे, गाव कुठलं तुमचं? मला सांगता येईना. एकदा बघावं, एवढंच मनात होतं. हवं तर लिहून देतो."

दीपकला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त हायसं वाटलं. त्याने मितेशच्या खांद्यावर हात ठेवला. नावं काय, कुणाचीही सारखी असतात, असं तो म्हणाला. भाऊबंद नसलो तरी आंब्याच्या दिवसांत सगळ्यांना घेऊन या, असं वर आमंत्रणही दिलं. अंगणातल्या रेघा त्याने पायाने पुसून टाकल्या.

तेवढ्यात सोनूबाई बाहेर आली. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. एका काखेत कपड्यांचं गाठोडं होतं आणि दुसऱ्या हातात भिंतीवरून काढलेला नवऱ्याचा फोटो.

"आये, खय निघालीस?" दीपकने विचारलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती पायऱ्या उतरून मितेशसमोर उभी राहिली.

"महिपत माझा सासरा. तुमच्या भिवाचा गडी व्हता. भिवा जाताना त्याला बोलला, आमचा कोण परत येईपर्यंत घर-जमीन राख, आमच्या माणसांना पान ठेव. आमी ठेवलं. एक वरीस चुकलं न्हाय. कुळकायद्यात कागदावर नाव आमचं लागलं, पन जमीन तुमची."

मितेश उठून उभा राहिला.

"भात आठ दिसांत कापायला येल," सोनूबाई म्हणाली. "कापून जाऊ, का आजच उठू?"