खाल्लेला सी

थोरल्या जावेकडे कपडे धुण्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर होतं, धाकटीकडे भांडी धुण्याच्या. कंपनी एक, घर एक, पण दोघींमधून विस्तव जात नव्हता.

"दोन्ही मशीन पाणी घेतात, पाणी सोडतात. मग सगळं दोनदा कशाला लिहायचं?" असं म्हणत साहेबांनी दोघींचे कोड पडद्यावर शेजारी शेजारी लावले. कोपऱ्यात काळ्या सुटातले एक गृहस्थ गप्प बसले होते.

मशीनचं दार बंद ठेवणारा भाग ओळीला ओळ सारखा निघाला. 'लॉक'च्या स्पेलिंगमधला सी सुद्धा दोन्हीकडे खाल्लेला!

थोरलीचा पारा चढला. "चोरटी कुठली! घरात माझे डबे साफ करतेस, इथे माझा कोड! हा सी मी कॉलेजपासून खातेय. विचार तुझ्या भाऊजींना!"

एरवी एकाला चार ऐकवणारी धाकटी आज खाली मान घालून म्हणाली, "चुकले, वहिनी. तुमचंच आहे ते."

"ऐकलंत, साहेब?"

"ऐकलं. पण नक्की तुमचंच ना?"

"शंभर टक्के! त्यातली चूकसुद्धा माझीच. हवं तर लिहून देते." आणि धाकटीच्या नाकावर टिच्चून तिने लिहूनही दिलं.

साहेबांनी तो कागद कोपऱ्यातल्या गृहस्थांच्या हातात ठेवला.



"घ्या, वकीलसाहेब. भांड्यांच्या मशीनचं दार मध्येच उघडून ज्या बाईंचा हात भाजला, त्यांना सांगा, तो सी यांनी खाल्लाय."